मशीनच्या पाठीमागची ऊब

सुभद्रा जागेवर नसली की मशीन बंद पडतं, हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा तिला काळजी वाटायला हवी होती. वाटलीही. पण काळजीच्या आधी, क्षणभरच, तिला जरा बरं वाटलं. घरी लेक आई दिसेनाशी झाली की आळी गोळा करतो, आणि इथे हे लोखंडी कपाटाएवढं धूड, तेही तसंच. आपल्यावाचून अडतं अशा जागा बाईला मिळून मिळून किती मिळतात? सुभद्रेच्या आता दोन झाल्या होत्या, आणि खोटं कशाला बोला, तिला त्याचा थोडा ताठाही चढला होता.

देवासच्या पंपांच्या कारखान्यात ते मशीन त्याच वर्षी, सत्त्याऐंशीत आलं होतं. काचेच्या खोलीत, एसीच्या गारव्यात ते एकटं उभं असायचं आणि त्याच्या तारा चार पडद्यांना गेलेल्या असायच्या. एक पडदा सुभद्रेसमोर, एक हिशेबाच्या खोलीत, एक स्टोअरमध्ये म्हाताऱ्या दत्ताजींपुढे आणि एक दाराबाहेर, जिथे उमाशंकर शिपाई स्टुलावर बसून लोकांना चपला काढायला लावायचा. धारच्या कॉलेजातून बीएस्सी आणि इंदूरला सहा महिन्यांचा कोर्स एवढ्या भांडवलावर सुभद्रा त्या खोलीची मालकीण झाली होती. मालकीण म्हणजे, बंद पडलं की शिव्या खायला हक्काचं माणूस.

मशीन बसवायला आलेल्या इंदूरच्या इंजिनियरने तिला समजावून सांगितलं होतं, "यात एक ऑपरेटिंग सिस्टिम असते, मॅडम. म्हणजे असं समजा, घरातली बाई. कोणाला काय हवं, आधी कोणाला वाढायचं, कोणाला थांबवायचं, सगळं तीच बघते. ती चक्कर येऊन पडली की चूल, भांडी, धान्य सगळं धड असतं, पण घर ठप्प."

"आणि मग तिला उठवायचं कोणी?"

"तुम्ही," तो म्हणाला, आणि दुपारच्या बसने इंदूरला निघून गेला.

ही घरातली बाई पडली तरी आवाज करत नसे, हीच खरी पंचाईत. दिवे लागलेले, पंखा घरघरतोय, पडद्यावरची अक्षरं जागच्या जागी. दत्ताजी तर मान खाली घालून, एका बोटाने, एकेक बटण शोधत टाइप करणारे. मशीन मेल्यावरही ते बराच वेळ त्याच्याशी बोलत राहायचे. कधीतरी मान वर करून बघायचे आणि फोनवर ओरडायचे, "सुभद्राताई, अहो हे घेतच नाही! नटबोल्टची अख्खी पेटी भरली मी, आणि हे आपलं ढिम्म!"

मग सुभद्रा आपल्या पडद्यावर बघायची. तिथे खालच्या ओळीत इंग्रजीत 'पॅनिक' असा शब्द आलेला असे. म्हणजे मशीन स्वतःच कबूल करायचं की माझी घाबरगुंडी उडाली आहे. सुभद्रेला ते फार आवडायचं. कारखान्यात एवढे पुरुष होते, पण एकानेही कधी असं लिहून दिलं नसतं.

पुढचं सगळं तिला पाठ होतं. आलेला संदेश उतरवून घ्यायचा, मशीनच्या मागे जाऊन बटण बंद करायचं, थोडं थांबायचं, चालू करायचं. शुद्धीवर आलं की मशीन प्रश्न विचारायला लागे. अमुक एक तुकडा सापडला, कुठल्या फाइलीचा ते कळत नाही, अनाथ दिसतो, ठेवून घेऊ का? इंजिनियरने सांगितलं होतं की जरा बघून, विचार करून उत्तर द्या. पण अनाथाला नाही म्हणायचं सुभद्रेच्या जिवावर यायचं. ती सगळ्यांना हो म्हणायची. त्यामुळे त्या मशीनच्या एका कोपऱ्यात कोणाच्याच नसलेल्या तुकड्यांचं मोठं अनाथालय झालं होतं, आणि जागा कमी पडते म्हणून हिशेबाच्या खोलीतले लोक कुरकुरत होते.

हे सगळं चालून गेलं असतं. पण मशीन पडायचं ते नेमकं दुपारी, आणि दुपार ही सुभद्रेची दुखरी जागा होती.

तिचं घर कारखान्याच्या मागे, नाला ओलांडला की. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली तेव्हा एकच गोष्ट तिने मागून घेतली होती. दुपारची जेवणाची सुट्टी इतरांपेक्षा थोडी मोठी द्या, म्हणजे घरी जाऊन बाळाला पाजून येता येईल. बाळाला सासूबाई, म्हणजे अक्का, सांभाळायच्या. त्याचं नाव अजून कोणाच्या तोंडी बसलं नव्हतं. तो ज्या रुबाबात दूध मागायचा ते बघून अक्कांनी त्याला भैयासाहेब करून टाकलं होतं. "भैयासाहेब उठले," "भैयासाहेबांना दुपटं बदलून हवंय," असं घरात चाले. वरचं दूध भैयासाहेब तोंडात घेऊन अक्कांच्या लुगड्यावर परत करत. दुपार झाली की तिकडे तो रडायला लागे, आणि इकडे काचेच्या खोलीत कोणी काही न सांगताच सुभद्रेचा ब्लाउज ओला व्हायचा. मग ती पदर घट्ट लपेटून घड्याळाकडे बघत बसे.

कारखान्याचे मॅनेजर प्रतापराव हे देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या गादीच्या, जुन्या मानकरी घराण्यातले. दरबार गेला तरी बोलण्यातला दरबार गेला नव्हता. त्यांनी सुट्टी दिली होती, पण देताना म्हणाले होते, "बाईसाहेब, आपण जावं. आमची ना नाही. फक्त आपल्या माघारी यंत्राने दगा देता कामा नये."

आणि श्रावण लागल्यापासून यंत्राने दगा द्यायचा सपाटाच लावला.

आता श्रावणाचं म्हणाल तर त्या वर्षी माळव्यात झड लागली ती उठायलाच तयार नव्हती. देवीची टेकडी ढगात, अंगण चिखलात. घरात लंगोट वाळेनात. दांडीवर लंगोट, खाटेच्या पायांना लंगोट, देवघराच्या दारावरही अक्कांचा डोळा चुकवून दोन लंगोट. ओलसर कपड्याने भैयासाहेबांची मांडी लाल झाली आणि ते रात्रंदिवस कुरकुरायला लागले. तेव्हाच सुभद्रेला शोध लागला की मशीनच्या पाठीतून छान कोरडी, गरम हवा येते. जाळीतून सतत. अख्ख्या देवासात तेवढी एक जागा अशी होती की जिथे श्रावण नव्हता.

मग रोज दुपारी सगळे जेवायला गेले की ती पिशवीतून ओले लंगोट काढायची, मशीनच्या मागे जाळीला लागून सुतळी बांधली होती तिच्यावर ओळीने पसरायची आणि घरी पळायची. परत आली की आधी ते काढून घडी करून पिशवीत. कडक वाळलेले, ऊबदार. गालाला लावावेत असे. ती लावायचीही. आणि मग पडद्याकडे वळून बघावं तर काय, पॅनिक.

"बघ, मी गेले की हे असं करतं," ती नवऱ्याला सांगायची.

"लाइट कमीजास्त होत असेल," तो म्हणायचा. तो दुसऱ्या कारखान्यात फिटर होता आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ त्याला लाइटमध्ये दिसायचं.

"लाइट काय दुपारीच कमीजास्त होते?"

"मग तुला काय वाटतं, ते तुझ्यासाठी रडतं?"

सुभद्रेला खरं तर तसंच वाटत होतं. मध्ये कधी उघडीप झाली, अंगणात ऊन पडलं, लंगोट घरीच वाळले, तर त्या दिवशी मशीनही गुण्यागोविंदाने चालायचं. त्यावर तिने काय निष्कर्ष काढावा? की आभाळ भरून आलं की लहान मुलांसारखं मशीनलाही उदास होतं. बीएस्सी झालेली बाई ही.

प्रतापरावांनी तिला बोलावून घेतलं. "बाईसाहेब, काल गेटवर माल भरून ट्रक उभा राहिला आणि चलान निघेना. दत्ताजी मेलेल्या यंत्रावर टाइप करत बसले होते. कोणाला पत्ताच नाही! आणखी एकदा असं झालं, तर आम्हाला आपली दुपारची सुट्टी बंद करावी लागेल. आम्हाला वाईट वाटेल. पण करावी लागेल."

सुभद्रा आपल्या खोलीत येऊन बसली. सुट्टी गेली तर भैयासाहेबांचं दूध तुटणार. डबा, बाटली, बूच, उकळलेलं पाणी आणि अक्कांचं ओलं लुगडं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने डोळे पुसले आणि डोकं चालवलं. मशीन पडायचं थांबवता येत नसेल तर निदान पडल्याबरोबर कळलं पाहिजे. तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मशीन शुद्धीत आहे तोवर दाराबाहेरच्या, उमाशंकरच्या पडद्यावर थोड्या थोड्या वेळाने टुंग अशी घंटी वाजणार. पडलं की घंटी बंद.

उमाशंकर सोनकच्छकडचा. त्याला तिने नीट समजावलं. "घंटी वाजतेय तोवर सगळं ठीक. थांबली की सायकल काढायची आणि मला घरी बोलवायला यायचं. समजलं का भिया?"

"समजी गयो, बईजी. पण म्हने नींद लागी तो?"

ही शंका रास्त होती. उमाशंकर दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या झोपत असे, आणि ही गोष्ट प्रतापरावांपासून फाटकावरच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. पण झालं उलटंच. पहिल्याच दुपारी तो त्या टुंग टुंगवर पाळण्यातल्या पोरासारखा गाढ झोपला, आणि पाळणा थांबल्यावर पोर जसं दचकून उठतं तसा घंटी थांबल्याबरोबर दचकून उठला.

सुभद्रा तेव्हा नुकतीच घरी पोचली होती. भैयासाहेब कुठे रंगात येऊन, एका हाताने तिचं मंगळसूत्र ओढत पीत होते, तोच दारात सायकल आपटली.

"बईजी! घंटी बंद हुई गी! चालो!"

भैयासाहेबांना अर्ध्यावर सोडवून तिने अक्कांच्या मांडीवर दिलं. त्यांनी एवढा मोठा सूर लावला की नाल्यापलीकडे ऐकू गेला असता. अक्का म्हणाल्या, "अगं, त्या मेल्या मशीनला म्हणावं दोन घोट तरी पिऊ दे!" पण सुभद्रा चिखल तुडवत केव्हाच निघाली होती.

काचेच्या खोलीशी येऊन बघते तर दारात प्रतापराव. बूट बाहेर काढून, नुसत्या मोज्यांवर, हात मागे बांधून उभे. मशीनच्या मागे लंगोटांची ओळ तशीच लटकत होती. रोज ती एकटी यायची, आधी ते काढायची. आज स्वतःच्याच हुशारीने ती घंटी थांबल्याबरोबर धावत येऊन नेमकी मॅनेजरच्या समोर उभी राहिली होती.

"आलात?" प्रतापराव म्हणाले. "उत्तम. यंत्र पुन्हा बंद आहे. आम्ही दिलेला शब्द आम्हाला पाळावा लागणार, बाईसाहेब. उद्यापासून दुपारी बाहेर जाणं नाही."

"आधी चालू करते, साहेब," ती कशीबशी म्हणाली आणि मशीनच्या मागे शिरली, कारण बटण तिथेच होतं.

मागे चिंचोळी जागा. तिने घाईघाईने लंगोट ओढायला सुरुवात केली. ते भाजत होते. वाळून ऊबदार झालेले नव्हते, अजून मधे ओलसर आणि तरी तव्यावरच्या फडक्यासारखे कढत. आतापर्यंत ती यायची तेव्हा मशीन पडून बराच वेळ झालेला असे, सगळं निवलेलं असे. तिने सवयीने हात उलटा केला आणि बोटांची पाठ मशीनच्या जाळीला लावली, जशी घरी कपाळाला लावते.

ताप. सणसणीत ताप.

सुभद्रा तिथेच उकिडवी बसली. सगळं एका दमात तिच्यापुढे उभं राहिलं. झडीचे दिवस आणि उघडिपीचे दिवस. पाठीतून बाहेर पडू बघणारी हवा आणि तिच्या तोंडावर तिने रोज प्रेमाने गच्च बसवलेले ओले लंगोट. ते मशीन तिच्या आठवणीने रडत नव्हतं. तिने त्याचं नाकतोंड दाबून ठेवलं होतं, आणि वर घरी जाऊन सगळ्यांना सांगत होती की माझ्यावाचून त्याला करमत नाही.

"बाईसाहेब?" पलीकडून आवाज आला. "काही अडचण?"

आता दोन रस्ते होते. गप्प बसावं. लंगोट पदराखाली, उद्यापासून मशीन ठणठणीत, तिची अब्रू शाबूत. पण सुट्टी गेली ती गेली. नाहीतर सांगावं. सांगितलं तर सुट्टी कदाचित वाचेल, पण मग बातमी हिशेबाच्या खोलीत, तिथून कॉलनीत, तिथून बसमध्ये बसून थेट धारला. धारला तिचे वडील शिवाजीराव चारचौघांत छाती काढून सांगत की आमची मुलगी कॉम्प्युटरवर असते. आता लोक विचारतील, कॉम्प्युटरवर काय करते? लंगोट वाळवते.

ब्लाउज पुन्हा ओला झाला. घरी अर्ध्यावर सोडलेलं कोणीतरी अजून रडत असणार. सुभद्रेने मशीनच्या मागूनच, तोंड न दाखवता बोलायला सुरुवात केली.

"साहेब, हे का पडतं ते सापडलं. मी नसते म्हणून नाही."

"मग?"

"मागची हवा अडत होती."

"कशाने?"

"कापडाने."

"कापड? इथे कसलं कापड?"

"सुती."

"बाईसाहेब, सुती कापड यंत्राच्या मागे आलं कुठून?"

सुभद्रा उठून बाहेर आली आणि दोन्ही हातांतला ढीग टेबलावर ठेवला. त्यातला एक घसरून प्रतापरावांच्या मोज्यांवर पडला. बाळाचाच होता हे कळायला कोणा इंजिनियरची गरज नव्हती. अक्कांनी प्रत्येकाच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने टाका घातला होता, दृष्ट लागू नये म्हणून.

"घरी वाळत नव्हते," ती म्हणाली. "त्याची मांडी सोलवटली होती. इथे गरम हवा येते. मी जाताना टाकायचे आणि येऊन काढायचे. रोज मीच बंद पाडायचे आणि रोज मीच चालू करायचे, साहेब."

प्रतापराव खाली बघत होते. त्यांच्या घराण्यात या वस्तूचं नाव कोणी परक्या बाईसमोर घेतलं नसावं. शेवटी त्यांनी ती दोन बोटांत उचलून अदबीने ढिगावर ठेवली.

दारातून उमाशंकर आत वाकून बघत होता. "लो! म्हैं तो समज्यो पूजा को कपड़ो है," तो म्हणाला. "कोना में से दिखतो थो. म्हैं तो रोज हात जोड़तो थो, बईजी!"

सुभद्रेला रडू येत होतं तिथे हसू आलं. आणि एकदा आलेलं ते थांबेना. प्रतापरावांच्या मिशाही जरा हलल्या, पण त्यांनी खोकून त्या जागेवर आणल्या.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "आपण नसल्याने यंत्र बंद पडतं हा आमचा समज चुकीचा."

"हो साहेब."

"किंबहुना आपण नसताना ते उत्तम चाललं असतं."

"हो," सुभद्रा म्हणाली. हे दुसरं हो म्हणताना तिला पहिल्यापेक्षा जड गेलं.

"मग सुट्टी बंद करण्याला कारण उरत नाही." ते दाराकडे वळले, थांबले, आणि छताकडे बघत पुढचं बोलले. "एसी आहे ना, त्याचं मागचं अंग इमारतीच्या मागच्या बाजूला निघतं. वर पत्र्याचं छप्पर आहे. तिथेही गरम हवा येते. त्या बाजूला कोणी जात नाही. आमचे मोजे तिथेच वाळतात."

आणि ते बूट घालून निघून गेले.

सुभद्रेने मशीन निवू दिलं, चालू केलं. त्याने नेहमीप्रमाणे अनाथ तुकडे पुढे केले, आणि तिने नेहमीप्रमाणे सगळ्यांना हो म्हटलं. बातमीचं म्हणाल तर ती अपेक्षेप्रमाणे संध्याकाळच्या आत हिशेबाच्या खोलीत पोचली. दत्ताजींनी दारातूनच विचारलं, "ताई, आमच्याकडे दोन धोतरं आहेत ओली, आज मशीन रिकामं आहे का?" सुभद्रेने त्यांना हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एसीच्या मागे, मॅनेजरसाहेबांच्या राखाडी मोज्यांपासून मर्यादशील अंतर ठेवून, लंगोट वाळत घातले आणि घरी गेली. भैयासाहेब काल अर्ध्यावर उठवल्याचा राग विसरले नव्हते. आधी त्यांनी तोंड फिरवलं, अक्कांकडे बघितलं, आणि मग उपकार केल्यासारखे प्यायला लागले. सुभद्रा भिंतीला टेकून, एक कान दाराकडे ठेवून बसली होती. आता सायकल येईल. आता येईल. सायकल काही आली नाही. बाहेर झड चालू होती, मांडीवरचं ओझं हळूहळू सैल पडत चाललं होतं, आणि किती दिवसांनी तिला कुठे पळायचं नव्हतं.

जाग आली तेव्हा ती अंथरुणावर होती, उशी डोक्याखाली, अंगावर अक्कांची चौघडी. भैयासाहेब शेजारी तोंड उघडं टाकून. कारखान्याचा सुट्टी संपल्याचा भोंगा होऊन गेला होता. कधीचाच.

"अक्का! उठवलं का नाही?"

"कशाला उठवायचं?" अक्का तांदूळ निवडत म्हणाल्या. "तुझा तो सायकलवाला आला नाही. म्हणजे तिकडे सगळं बरंच चाललं असणार. मी म्हटलं, मग झोपू दे पोरीला."

सुभद्रा उठली. ब्लाउजचे हुक वरखाली लागलेले, केसात उशीचा कापूस, चपला उलट्या पायात. नाल्यावरच्या फळीवरून पळताना ती मनातल्या मनात प्रतापरावांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होती. पण सांगण्यासारखं काही नव्हतंच. तिकडे काहीही झालेलं नव्हतं, हीच तर अडचण होती.